मुलगा बघायचा शनिवार

नोव्हेंबरच्या शेवटी एका शनिवारी आमच्या घरी मुलगा बघायचा कार्यक्रम असतो. सकाळी पोहे होतात, चहा होतो, आणि टीव्हीसमोर बसून आम्ही अठरा वर्षांच्या एका अनोळखी मुलाची उंची, खांदे, गुडघे, घरची माणसं, सगळं नीट तपासतो. आम्हाला तो पसंत पडो वा न पडो, मुलगा आमचाच होणार असतो. कारण निर्णय आधीच झालेला असतो आणि तो घेणारी माणसं समुद्रापार मेलबर्नमध्ये बसलेली असतात.

उलगडून सांगायला हवं. मी अमेरिकेत रेडमंडला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्याआधी बरीच वर्षं आम्ही मेलबर्नला होतो आणि तिथे मला फूटीचं वेड लागलं. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. लांबट लाल चेंडू, भलंमोठं लंबगोल मैदान, एकेका बाजूचे अठरा खेळाडू. चेंडू लाथेनं मारायचा, मुठीनं ठोसून जोडीदाराला द्यायचा, आणि जमलं तर दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून हवेतल्या हवेत झेलायचा. असा झेललेला चेंडू म्हणजे मार्क. माझी बायको हा खेळ पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "पंगतीत जिलबी संपत आली की आमच्याकडे अगदी असंच होतं."

माणूस देश बदलतो, क्लब बदलत नाही. इथे येऊन आठ-नऊ वर्षं झाली, तरी तिकडच्या सामन्यांची रेकॉर्डिंग्ज मी जेवताना बघतो. दर नोव्हेंबरला तिथे ड्राफ्ट होतो. सगळे क्लब पाळीपाळीनं नुकती शाळा संपवलेली मुलं निवडतात, आणि ज्या क्लबचा हंगाम वाईट गेला त्याची पाळी आधी येते. आमचा क्लब यंदा तळाला होता. म्हणजे फार वर्षांनी आम्हाला चांगला मुलगा मिळणार होता. हरण्यात तेवढं एक सुख असतं.

या वेडात माझ्यासोबत एक नागपूरचा मित्र आहे. आमच्याच गल्लीत राहतो. त्यानं ऑस्ट्रेलिया नकाशावरसुद्धा नीट पाहिलेला नव्हता. मी त्याला एका पावसाळी शनिवारी घरी बोलावून सामना दाखवला आणि तो कायमचा बिघडला. त्याच्या बायकोची माफी मी अजून मागितलेली नाही. ड्राफ्टच्या शनिवारी पोहे तोच करतो, नागपुरी पद्धतीचे, वर लालभडक तर्री घातलेले. "पोह्यांचा कार्यक्रम" हे नाव त्यानंच ठेवलं. "शनिवारी पोहे आहेत, नवा मुलगा बघायचाय," असा त्याचा मेसेज आला की आम्हाला कळतं.

आणि माझी मुलगी आहे. ती मेलबर्नलाच जन्मली, त्यामुळे आमच्या घरात तिचा एकटीचा पासपोर्ट निराळ्या रंगाचा आहे. चालायला लागली तशी ती चेंडूमागे धावायला लागली. ती डावरी आहे, पायानंही. तिचा डावा पाय चेंडूला लागला की जो आवाज येतो, तो ऐकून मला उगाचच आपण काहीतरी बरोबर केलं असं वाटतं.

तसं मला फार क्वचित वाटतं. अपराधी वाटायला मात्र मोठं कारण लागत नाही. शेजाऱ्यानं माझा कचऱ्याचा डबा रस्त्यावरून आत आणून ठेवला, तर आठवडाभर मी त्याच्या समोर यायचं टाळतो. बायको म्हणते, तुला सुख पचत नाही. खरं असेल. घर आहे, नोकरी आहे, खिडकीतून देवदाराची झाडं दिसतात, आणि हे सगळं चांगलं चाललंय म्हणताना मी आवाज जरा खाली आणतो.

पण एका गोष्टीचा अपराध खरा आहे. ती गोष्ट म्हणजे माझा एक शब्द. बघू.

मेलबर्न सोडलं तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. तिनं विचारलं होतं, "तिकडे फूटी असेल?" मी म्हणालो, "बघू." नव्हती. म्हणजे अगदीच नव्हती असं नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं की दर शनिवारी दुपारी आमच्या घराजवळच्या पार्कात काही घर आठवणारे ऑस्ट्रेलियन आणि दोन-चार हौशी अमेरिकन चेंडू घेऊन जमतात. आता ती त्यांच्यात खेळते. पण त्या "बघू"नंतरची पहिली दोन वर्षं तिनं गॅरेजच्या दारावर चेंडू मारून काढली. दाराला तेवढ्या भागात अजून खळगे आहेत. ते दुरुस्त करू या, असं बायको म्हणते. मी त्यालाही बघू म्हणतो.

यंदा ती बारावीत आहे. ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी मी भांडी डिशवॉशरमध्ये लावत होतो, तेव्हा ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीत ऍडमिशन मिळाली. स्पोर्ट्स सायन्स. जुलैपासून. त्यांना नोव्हेंबर संपायच्या आत कळवायचंय."

मी हातातलं ताट एकदा या खाचेत, एकदा त्या खाचेत लावून बघितलं. मग म्हणालो, "बघू."

आमच्या व्हिसाचं गणित मला तिच्याहून चांगलं ठाऊक आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही अजून मागेच आहोत. एकवीस पूर्ण झाली की ती आमच्या व्हिसावर राहू शकणार नाही, तिला तिचा स्वतःचा मार्ग शोधावा लागेल. आणि तिकडे तर ती नागरिकच आहे. सगळं तिच्या बाजूनं होतं. माझ्या बाजूनं एवढंच होतं की शनिवारी सकाळी सोफ्याची एक बाजू रिकामी राहील. हे कारण सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मी पुढचे कितीतरी दिवस काहीच सांगितलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही. माझ्या "बघू"चा अर्थ ती लहानपणीच शिकली आहे.

तर यंदाच्या ड्राफ्टच्या शनिवारी मित्र पोह्यांचं पातेलं घेऊन आला आणि त्याच्यामागून त्याचे वडील आले. ते नुकतेच नागपूरहून आले होते. बँकेतून निवृत्त झालेले, गप्पिष्ट गृहस्थ. बाहेर झिमझिम पाऊस, आम्ही सगळे घरच्या कपड्यांत, आणि काका मात्र कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, वर बिनबाह्यांचा स्वेटर, केस चापून बसवलेले. हातात संत्रा बर्फीचा डबा. डबा त्यांनी माझ्या बायकोच्या हातात दिला आणि म्हणाले, "शुभकार्यात रिकाम्या हातानं येऊ नये."

आम्हाला वाटलं, पहिल्यांदा घरी येतायत म्हणून म्हणत असतील.

मुलगी सोफ्याच्या तिच्या बाजूला पाय पोटाशी घेऊन बसली होती. काकांनी तिच्याकडे बघून मान हलवली, "बस बेटा, बस, लाजू नको," म्हणाले आणि समोरच्या खुर्चीत ताठ बसले. मी रेकॉर्डिंग लावलं. आमच्या क्लबनं नाव पुकारलं, आणि पडद्यावर एक लांबडा, हडकुळा पोरगा उठून आईच्या गळ्यात पडला.

"उंची चांगली आहे," मित्र म्हणाला. "सहा फूट चार."

"पण काडी आहे काडी," मी म्हणालो. "वारा आला तर मैदानाबाहेर जाईल."

"भरेल हो," काका म्हणाले. "या वयात पोट्टे असेच असतात. घरी काय आहे?"

मला आनंद झाला. नवीन माणूस इतका रस घेतो असं सहसा होत नाही. मी सगळं वाचून ठेवलेलंच होतं. "शेती आहे, काका. गव्हाची. पश्चिम ऑस्ट्रेलियात. आई शाळेत शिकवते."

"किती एकर?"

"नक्की माहीत नाही. हजारो असेल, तिकडे तशीच असते."

"हजारो!" काकांनी पोह्यांची बशी मांडीवर ठेवली. "आणि भाऊ-बहीण?"

"दोन धाकट्या बहिणी."

"बरं. म्हणजे जबाबदारी आहे." त्यांनी लिंबू पिळलं. "व्यसन?"

मित्र हसला. "बाबा, ते क्लब बघून घेतो."

आता त्या मुलाच्या खेळाची क्षणचित्रं सुरू झाली. तो डावरा होता. डाव्या पायानं त्यानं चेंडू असा मारला की तो सरळ जोडीदाराच्या छातीवर जाऊन बसला. माझ्या मुलीनं "ओह, नाइस," असं हळूच म्हटलं. काकांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे बघून सूचकपणे भुवया उंचावल्या.

"उजवा पाय अगदीच नाहीये याला," मी म्हणालो. "सगळं डाव्यावर."

"असू दे ना," काका म्हणाले. "एवढं डावं-उजवं करायला गेलं तर कोणाचंच जमणार नाही."

"खरा प्रॉब्लेम गुडघा आहे," मित्र म्हणाला. "मागच्या वर्षी ऑपरेशन झालं त्याचं. पूर्ण वर्ष गेलं."

"हे त्यांनी आपणहून सांगितलं?"

"हो बाबा, मेडिकल सगळं उघड असतं."

"चांगले लोक दिसून राहिले," काका गंभीरपणे म्हणाले. "आमच्याकडे तर चष्म्याचा नंबर लपवतात. वय काय म्हणालात?"

"अठरा."

काकांनी बशी टेबलावर ठेवली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे. "अठरा? अहो, पोट्ट्याला कायद्यानं एकवीस लागतात ना! काऊन एवढी घाई करून राहिले तुम्ही? आणि हे सगळं तुम्ही दोघंच बोलून राहिले. पोट्टीला विचारलं का कोणी?"

एक क्षण कोणालाच काही कळलं नाही. मग मित्राला कळलं, आणि तर्री त्याच्या नाकात गेली. तो खोकत खोकत स्वयंपाकघराकडे पळाला. बायकोनं पदर नसल्यामुळे उशी तोंडावर धरली. मी तेवढा उरलो, काकांना सांगायला, की हा फुटबॉलचा खेळाडू आहे, आम्ही फक्त त्याच्या क्लबचे चाहते आहोत, पोह्यांचा कार्यक्रम म्हणजे नुसती थट्टा आहे, आणि मुलगी अवघी सतरा वर्षांची आहे.

"म्हणजे तुम्ही याला ओळखतही नाही?" काका म्हणाले.

"नाही."

"आणि त्याच्या गुडघ्याची चिंता करून राहिले?"

"हो."

"बावा रे," काका म्हणाले. मग ते स्वतःच इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. "मी तर रात्रभर विचार केला, की एवढ्याशा पोरीचं लग्न काऊन करून राहिले हे लोक, जाऊन चार शब्द सांगावं. शर्टाला इस्त्रीही त्याच्यासाठीच केली." मग ते मुलीकडे वळले. "पण बेटा, माझा प्रश्न तसाच राहिला. तुला कोणी काही विचारतं का नाही या घरात?"

ती हसतच होती. हसता हसताच म्हणाली, "मला नाही विचारत, आजोबा. मी विचारते. मग बाबा 'बघू' म्हणतात."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आमच्याकडे पाऊस पडतो, हे ज्या आवाजात सांगावं त्या आवाजात तिनं ते सांगितलं.

मित्र नाक पुसत परत आला होता. वातावरण सावरायला म्हणून त्यानं विचारलं, "मग फायनल काय? या मुलाचं काय करायचं?"

आणि मी, हातात चहाचा कप धरून, नेहमीचंच बोललो. फूटीच्या चाहत्यांच्या एका वेबसाइटवर मी खोट्या नावानं लिहितो. तिथे लोक नव्या मुलांना पहिल्याच दिवशी निकालात काढतात, आणि मी त्यांना लांबलचक उत्तरं लिहून समजावतो. तेच इथे म्हणालो, "घाई करू नये. घरापासून इतक्या लांब येतोय पोरगा. चुका करेल. त्याला तीन वर्षं द्यायला हवीत. बघू."

बोलून झालं आणि मला माझं वाक्य ऐकू आलं. तोच शब्द. ज्याला मी कधी भेटणार नाही त्या मुलासाठी या शब्दात किती जागा होती. त्यात तीन वर्षं होती, चुका होत्या, कौतुकानं वाट बघणं होतं. माझ्या मुलीपुढे हाच शब्द मी दार लोटावं तसा वापरला होता.

मुलगी माझ्याकडे बघत होती. "यू गेव्ह हिम थ्री इयर्स, बाबा," ती म्हणाली. तिच्या ओठांवर अजून हसू होतं, पण ती माझ्या उत्तरासाठी थांबलेली होती, हे मला दिसलं. बायकोलाही दिसलं. ती उठून बर्फीचा डबा उघडायला लागली, आणि उघडलेला डबा तिनं तसाच पुन्हा बंद केला.

पडद्यावर त्या मुलाच्या वडिलांची मुलाखत चालू होती. उन्हानं रापलेला माणूस, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच कोट घातलेला. मुलगा आता देशाच्या पार दुसऱ्या टोकाला जाणार, कसं वाटतं, असं कोणीतरी विचारलं. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "सुगीला येईल की तो." बस, एवढंच. मी तो तुकडा आदल्या दिवशी एकट्यानं तीनदा बघितला होता. का बघितला, ते तेव्हा कळलं नव्हतं.

दुपारी पाऊस थांबला. मुलीची पार्कात जायची वेळ झाली तसे आम्ही सगळेच निघालो. तिचे खेळणारे सोबती अजून यायचे होते. मैदानात पाय टाकला की गवतातून पाणी वर येत होतं. बायको, मित्र आणि काका कडेच्या बाकापाशी थांबले. काकांनी बाकावर वर्तमानपत्र पसरून बैठक मारली. मी आणि मुलगी समोरासमोर उभे राहून चेंडू मारायला लागलो. ती डाव्या पायानं, मी उजव्या. तिचा चेंडू माझ्या छातीवर यायचा. माझा कुठेही जायचा, आणि ती धावत जाऊन आणायची.

तसंच एकदा चेंडू आणून ती माझ्यापाशी आली. "शुक्रवारी लास्ट डेट आहे," ती म्हणाली. "तू नाही म्हणालास तरी चालेल, बाबा. आय मीन, चालणार नाही, पण मला कळेल तरी."

मला खूप काही बोलायचं होतं. गॅरेजच्या दाराबद्दल, ऑक्टोबरमधल्या त्या ताटाबद्दल, सोफ्याच्या त्या बाजूबद्दल. माफीची सगळी वाक्यं तयारच असतात माझ्याकडे. पण ती वाक्यं बोलली असती तर तिलाच माझी समजूत काढावी लागली असती, आणि तिनं ती काढलीही असती. म्हणून ती मी गिळली.

"कळव त्यांना," मी म्हणालो.

"काय कळवू?"

जा, असं म्हणायचं होतं. पण आमच्या घरात कोणी निघालं की "जा" म्हणत नाहीत, आणि निघणाराही "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. माझी आई तर पोस्टमनलासुद्धा "या" म्हणायची. सवय जिभेवर बसलेली असते.

"जाऊन ये," मी म्हणालो.

तिनं डोकं तिरकं केलं. तिचं मराठी घरातलं आहे, घराबाहेरचा सराव नाही. "वेट. म्हणजे गो की कम?"

"दोन्ही."

ती चेंडू दोन्ही हातांत धरून थोडा वेळ त्याच्या शिवणीकडे बघत राहिली. मग मागे मागे जात बरीच लांब गेली, आणि डाव्या पायानं असा काही मारला की तो आवाज झाडांपर्यंत गेला आणि परत आला. चेंडू माझ्या डोक्यावरून गेला. मी उलटा धावलो, घसरलो, चिखलात बसलो. चेंडू थेट बाकाकडे गेला.

काका उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, डोळे घट्ट मिटले, आणि चेंडू त्यांच्या पांढऱ्या शर्टावर येऊन आदळला. तो त्यांनी सोडला नाही. छातीवर चेंडूएवढा तपकिरी शिक्का उठला.

"मार्क!" मित्र ओरडला. "बाबा, याला मार्क म्हणतात! कोण म्हणतं तरुणच पाहिजेत?"

"मला आधी शर्टाचं सांग," काका म्हणाले, पण खूश होते. चेंडू पोटाशी धरून ते चिखल चुकवत माझ्याकडे आले. मी अजून खालीच बसलो होतो. मागून मुलगी धावत येत होती, आणि तिचा चेहरा बघून काकांनी काहीतरी ओळखलं असावं.

"काय मग," त्यांनी मला विचारलं, "ठरलं का पोट्टीचं?"

"ठरलं, काका," मी म्हणालो.

"मग बर्फी काऊन झाकून ठेवली?" काका म्हणाले, आणि चेंडू काखेत मारून त्यांनी मला उठवायला हात दिला.